मूठ आणि मुखत्यारी

दुकानातल्या फलकावर फोनचे मोठेपण इंचांत लिहिलेले असते. आणि हे इंच पडद्याच्या एका कोपऱ्यापासून तिरक्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत, म्हणजे कर्णावर, मोजलेले असल्यामुळे तो फोन हातात कसा बसेल या प्रश्नाचे उत्तर त्या आकड्यातून जवळजवळ काहीच मिळत नाही. ज्या काळी पडद्याच्या उंचीचे रुंदीशी प्रमाण सोळास नऊ असे, त्या काळचा पाच इंची पडदा सुमारे ६२ मिलिमीटर रुंद भरत असे. आणि आजच्या विसास नऊ अशा लांबट प्रमाणातला सहा इंची पडदाही रुंदीला ६२ मिलिमीटरांच्याच आसपास भरतो. पायथागोरसचा सिद्धांत शाळेत शिकलेल्या कोणालाही हा हिशेब कागदावर करून पाहता येईल. फरक पडतो तो उंचीत: पहिल्याची उंची १११ मिलिमीटर, तर दुसऱ्याची १३९. मूठ दोन्ही पडद्यांना सारख्याच सहजतेने कवेत घेते, परंतु दुसऱ्याच्या वरच्या कडेपर्यंत अंगठा पोहोचत नाही, आणि बसमध्ये एका हाताने वरचा दांडा धरून उभ्या असलेल्या माणसाला वरच्या कोपऱ्यातले चिन्ह दाबण्यासाठी फोन तळहातावरून पुढे सरकवावा लागतो. अनेक फोन पडतात ते याच क्षणी.

म्हणून फोन निवडताना पडद्याचा इंच बाजूला ठेवून त्याच्या कायेची रुंदी, उंची आणि वजन ही तीन मापे विचारावीत. त्यांतही रुंदी प्रधान होय, कारण अंगठा आणि बोटे यांच्या कवेत काय येते हे ती ठरवते. उंचीवरून अंगठ्याची पोच ठरते. आणि वजनाचा प्रत्यय रात्री अंथरुणावर पडून वाचताना मनगटाला येतो. ज्यांचा पंजा लहान आहे, ज्यांच्या बोटांचे सांधे संधिवाताने आखडले आहेत, किंवा ज्यांच्या पोशाखाला शिंप्याने धड खिसाच ठेवलेला नाही, अशा असंख्य माणसांची रोजची सोय या मापांवर अवलंबून असते. सत्तर मिलिमीटर रुंदी आणि दीडशे ग्रॅम वजन ही माझ्या हाताने मला सांगितलेली हद्द आहे. वाचकाने आपली हद्द स्वतःच्या हाताने ठरवावी.

या हद्दीत बसणारे फोन एके काळी सर्रास मिळत. २००७ सालचा पहिला आयफोन साडेतीन इंची पडद्याचा, ६१ मिलिमीटर रुंद आणि १३५ ग्रॅम वजनाचा होता. २०११ मध्ये सॅमसंगने गॅलक्सी नोट हा जवळजवळ ८३ मिलिमीटर रुंदीचा फोन बाजारात आणला, तेव्हा तो अवाढव्य वाटला खरा, पण लोकांनी तो उचलून धरला आणि बाजाराचा प्रवाह त्याच दिशेने वाहू लागला. त्या प्रवाहाविरुद्ध काही काळ टिकून राहिलेल्यांचाही उल्लेख व्हायला हवा. सोनीने २०१४ पासून काही वर्षे ‘कॉम्पॅक्ट’ या नावाने लहान आकाराचे आणि तरीही पूर्ण क्षमतेचे फोन काढले. असूसने २०२१ ते २०२३ या काळात ५.९ इंची झेनफोनच्या तीन आवृत्त्या काढल्या. आणि ॲपलने २०२० व २०२१ साली ६४.२ मिलिमीटर रुंदीचे दोन ‘मिनी’ आयफोन काढले, ज्यांच्याइतका नेटका फोन मी हातात धरलेला नाही. हे तीनही वंश आता खुंटले आहेत. २०२२ मध्ये पेबल घड्याळाचे जनक एरिक मिजिकॉव्स्की यांनी लहान अँड्रॉइड फोनसाठी सह्यांची मोहीम काढली होती, यावरूनच उणीव किती भासत होती हे कळते. या ऱ्हासाचे कारण काही अंशी भौतिक आहे: काया लहान झाली की सर्वांत आधी बॅटरीची जागा आक्रसते, आणि आयफोन १३ मिनीमध्ये सुमारे २,४०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी मावली असताना गूगलच्या पिक्सेल ८ मध्ये ४,५७५ ची मावते. शिवाय आपल्याकडे तर अनेक घरांत फोन हाच एकमेव पडदा असतो. मुलीचा अभ्यास, आईची मालिका, वडिलांचे कीर्तन सारे त्यावरच चालते, आणि अशा घराने मोठा पडदा मागितला तर त्यात वावगे काहीच नाही.

फोन केवढा असावा हा एक प्रश्न झाला. त्याच्या आत कोणाची हुकमत चालावी हा दुसरा. हे दोन्ही प्रश्न लोक निरनिराळ्या वेळी आणि निरनिराळ्या माणसांना विचारतात, आणि तेथेच घोटाळा होतो; कारण दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्याची निवड बांधून टाकते, आणि हा बांधलेपणा आधी ध्यानात न घेता जो प्रथम आवडीचा लहानसा फोन घेतो आणि मग त्यावर कोणती खासगी कार्यप्रणाली चढवता येईल याचा शोध करू लागतो, त्याच्या पदरी बहुधा निराशा येते.

अँड्रॉइड या एका नावाखाली वस्तुतः दोन निराळ्या गोष्टी एकत्र नांदतात. एक म्हणजे लिनक्सच्या गाभ्यावर उभारलेली मूळ कार्यप्रणाली, जिची आज्ञावली गूगलने मुक्त परवान्याखाली खुली ठेवली आहे आणि जी कोणीही घेऊन, तपासून, बदलून स्वतःच्या नावाने वितरित करू शकतो. दुसरी म्हणजे प्ले स्टोअर, नकाशे, पत्रव्यवहार आणि या सर्वांच्या मुळाशी बसलेली ‘प्ले सर्व्हिसेस’ ही सेवा. ती मुक्त नाही. कारखान्यातूनच फोनमध्ये येते. आणि सामान्य ॲपला जे अधिकार कधीही मिळत नाहीत ते घेऊन बसते. फोन प्रथम चालू करताना आपण जी संमतीची बटणे भराभर दाबत जातो, त्यांचा अर्थ एका दृष्टीने असा की, मजकूर न वाचताच आपण या सेवेच्या नावे कुलमुखत्यारपत्र लिहून देतो. ही दोन अंगे एकमेकांना किती घट्ट बांधली गेली आहेत, हे भारतीय स्पर्धा आयोगाच्या २० ऑक्टोबर २०२२ च्या आदेशात सविस्तर वाचायला मिळते. फोन बनवणाऱ्यांवर आपली ॲप्स आधीपासून बसवण्याची सक्ती करून गूगलने बाजारातील वर्चस्वाचा गैरवापर केला, असा निष्कर्ष काढून आयोगाने १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. आणि मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने आयोगाचे काही निर्देश रद्द केले तरी दंड कायम ठेवला.

गूगलखेरीज फोनचा कारखानदारही आपली नोंद ठेवतो, हे मात्र अनेकांच्या ध्यानी येत नाही. २०२१ मध्ये एडिंबरा विद्यापीठ आणि डब्लिनचे ट्रिनिटी कॉलेज येथील संशोधकांनी युरोपात विकल्या जाणाऱ्या सॅमसंग, शाओमी, ह्वावे आणि रिअलमी या फोनांची, तसेच लिनिएजओएस आणि ‘ई’ या दोन पर्यायी प्रणालींची, बाहेर जाणारी माहिती तपासली. वापरणाऱ्याने शक्य तितकी नकारघंटा वाजवलेली असताना आणि फोन निपचित पडलेला असतानाही, ‘ई’चा ठळक अपवाद वगळता, या सर्वांतून कार्यप्रणालीच्या कर्त्याकडे आणि आधीपासून बसवलेल्या इतर कंपन्यांकडे लक्षणीय माहिती जात होती. लिनिएजओएससुद्धा या निष्कर्षातून सुटली नाही, कारण तिच्यावर नेहमीच्या रीतीप्रमाणे गूगलची ॲप्स बसवलेली होती. पर्यायी प्रणाली घेऊन तीवर पुन्हा तीच मुखत्यारी बहाल केली, तर खटाटोपाचा बराचसा अंश वाया जातो.

पर्यायी प्रणालींचे कुळ आता बरेच विस्तारले आहे. २००९ मध्ये सुरू झालेली सायनोजेनमॉड २०१६ च्या अखेरीस बंद पडली आणि तिच्या आज्ञावलीतून लिनिएजओएस उभी राहिली. मॅन्ड्रेक लिनक्सचे संस्थापक, फ्रान्सचे गाएल द्युवाल यांनी लिनिएजच्या पायावर ‘ई’ची प्रणाली उभारली, तिच्यात गूगलच्या सेवेची जागा ‘मायक्रोजी’ हा मुक्त पर्याय घेतो. फिनलंडमध्ये नोकियातून बाहेर पडलेल्या तंत्रज्ञांची सेलफिश आणि कॅनॉनिकलने २०१७ मध्ये सोडून दिल्यावर स्वयंसेवकांनी जोपासलेली उबुंटू टच या अँड्रॉइडच्या बाहेरच्या वाटा आहेत. त्यांच्याविषयी मला आदर आहे, पण रोजच्या व्यवहाराची ॲप्स ज्याला लागतात त्याला त्या मी सुचवणार नाही. आपल्याकडे आयआयटी मद्रासच्या छत्राखाली घडलेली भारओएस जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झाली, ती प्रथमतः कडक गोपनीयता पाळणाऱ्या संस्थांसाठी. आणि २०१४ मध्ये कॅनडातील डॅनियल मिके यांनी ज्या कामाला आरंभ केला आणि ज्याला २०१९ पासून ग्राफीनओएस हे नाव आहे, त्या प्रणालीकडे माझा कौल जातो. का, ते सांगण्यासाठी कुलपाची हकीकत सांगितली पाहिजे.

फोन चालू होतो तेव्हा त्याच्या चिपमध्ये कायमची कोरलेली एक छोटी आज्ञावली प्रथम जागी होते. ती पुढच्या आज्ञावलीवरील शिक्का तपासते, ती त्याच्या पुढचीवरील, आणि अशा साखळीने शेवटी संपूर्ण कार्यप्रणाली ‘शिक्का खरा आहे’ या खात्रीनंतरच उभी राहते. मध्ये कोणी खाडाखोड केली असेल तर साखळी तेथेच तुटते. पर्यायी प्रणाली बसवण्यासाठी बूटलोडर नावाचे हे कुलूप उघडावे लागते. आणि खरी अडचण अशी की, बहुसंख्य फोनांत ते एकदा उघडले की नव्या प्रणालीच्या शिक्क्यानिशी पुन्हा लावता येत नाही. अशा उघड्या कुलपाच्या फोनमध्ये गूगलची टेहळणी कमी झालेली असेल, पण ज्याच्या हाती तो फोन घटकाभर सापडला त्याला आतली प्रणाली बदलून ठेवता येईल आणि मालकाला पत्ताही लागणार नाही. खासगीपणा आणि सुरक्षितता या दोन भिन्न वस्तू आहेत, आणि पहिलीच्या उत्साहात दुसरी गमावून बसल्याची उदाहरणे पुष्कळ आढळतात.

गूगलचे पिक्सेल फोन हे कुलूप दुसऱ्याच्या किल्लीनेही पुन्हा लावू देतात. त्यांत गुपिते सांभाळणारी टायटन नावाची स्वतंत्र चिप असते. चिप आणि मोडेम यांच्या अंतर्गत आज्ञावलीतील दोष दुरुस्त करणाऱ्या आवृत्त्या नियमित येतात. आणि पिक्सेल ८ पासून पुढे स्मृतीवरील अतिक्रमण पकडणारी सोय यंत्रातच आहे. हे सर्व एकत्र ज्यात सापडते अशा फोनांपुरतेच आपले काम मर्यादित ठेवायचे, असा ग्राफीनओएसचा कडक शिरस्ता असल्यामुळे आजवर तिचा सारा संसार पिक्सेलवरच चालला आहे. गूगलच्या नजरेतून सुटण्यासाठी गूगलचाच फोन घ्यावा, हे प्रथम ऐकताना विपरीत वाटते. परंतु येथे आपण गूगलकडून यंत्र घेतो आणि त्यातला कारभारी बदलतो, आणि कारभारी बदलण्याची मुभा इतक्या स्वच्छपणे देणारे यंत्र दुसरीकडे क्वचितच मिळते.

आता निवडीचा क्रम. प्रथम सुरक्षा-दुरुस्त्यांची मुदत पाहावी, मग कुलूप, आणि शेवटी आकार. माझ्या मनातला आकार विचाराल तर तो २०२० च्या पिक्सेल ४ए चा: रुंदी ६९.४ मिलिमीटर, वजन १४३ ग्रॅम. हा फोन भारतात रीतसर विकला गेला आणि आजही जुन्या बाजारात स्वस्तात मिळतो. परंतु त्याच्या सुरक्षा-दुरुस्त्यांची मुदत ऑगस्ट २०२३ मध्ये संपली, आणि मोडेममधील दोष कितीही निष्ठावान स्वयंसेवक असले तरी त्यांना बाहेरून दुरुस्त करता येत नाहीत. म्हणून हा मोह आवरावा. पिक्सेल ६ए ची मुदत जुलै २०२७ पर्यंत आहे. पिक्सेल ८ ला कंपनीने सात वर्षांची, म्हणजे ऑक्टोबर २०३० पर्यंतची, हमी दिली आहे आणि ८ए ला मे २०३१ पर्यंतची. पैकी ८ची रुंदी ७०.८ मिलिमीटर आणि ८ए ची ७२.७. नव्या पिढ्यांचे फोन पिक्सेल ८ हून मोठे होत गेले आहेत. अर्थात पिक्सेल ८ हा ४ए पेक्षा रुंदीला अवघा १.४ मिलिमीटर जास्त आहे, आणि मुठीला तो खुपत नाही. वजन मात्र १८७ ग्रॅम, म्हणजे माझ्या हद्दीच्या बरेच पलीकडे. मुदतीसाठी मी हे ओझे पत्करले.

तो घेताना एक धडा मिळाला. जुन्या फोनांच्या एका दुकानात माझ्यासमोर ठेवलेला पहिला फोन दिसायला निर्दोष होता; परंतु सेटिंगमध्ये ‘बिल्ड नंबर’ या ओळीवर सात वेळा टिचकी मारून विकसकांचे पर्याय उघडले, तेव्हा त्यांतील ‘ओईएम अनलॉकिंग’ ही ओळ फिकट पडलेली आणि न दबणारी निघाली. परदेशातील काही दूरसंचार कंपन्यांमार्फत विकलेल्या फोनांचे बूटलोडर कायमचे बंद ठेवलेले असते, आणि असा फोन फिरत फिरत आपल्या बाजारात आला की त्यावर दुसरी प्रणाली कधीही बसत नाही. फोन इंटरनेटला जोडूनही ती ओळ दबत नसेल तर पैसे देऊ नयेत. दुसरा फोन ठीक निघाला. पुढचे काम कल्पनेपेक्षा सोपे आहे: संगणकाला केबलने फोन जोडून ग्राफीनओएसच्या स्थापनापृष्ठावरील बटणे क्रमाने दाबत जायचे, एवढेच. कुलूप उघडताना आणि पुन्हा लावताना अशी दोनदा फोनमधील सर्व माहिती पुसली जाते, म्हणून छायाचित्रे आधीच अन्यत्र उतरवून ठेवावीत. आणि शेवटी कुलूप पुन्हा लावण्याची पायरी कदापि गाळू नये.

या प्रणालीत गूगलच्या सेवा मुळात नसतात. हव्या असल्यास त्या साध्या ॲपसारख्या, विशेषाधिकारांवाचून, बसवता येतात आणि नको झाल्या की काढता येतात. नेहमीच्या अँड्रॉइडमध्ये इंटरनेट वापरण्याचा अधिकार ॲपला न विचारताच मिळतो. येथे तो प्रत्येक ॲपपुरता नाकारता येतो. या एका सोयीचे मराठी लिहिणाऱ्याला फार मोल आहे. मूळचा कळफलक देवनागरी देतो, पण रोमन अक्षरांतून मराठी टंकण्याची सवय जडलेल्यांना गूगलचाच कळफलक हवासा वाटतो. तो बसवून त्याचा इंटरनेटचा परवाना काढून घेतला की, आपण लिहिलेले शब्द त्याला थेट बाहेर पाठवता येत नाहीत.

पैशाच्या व्यवहाराची बाब अधिक नाजूक आहे. काही बँकांची ॲप्स गूगलच्या एका चाचणीवर विसंबून, गूगलने प्रमाणित केलेली प्रणाली नसेल तर उघडण्यास नकार देतात. या चाचणीत फोन खरोखर किती सुरक्षित आहे यापेक्षा त्याच्यापाशी गूगलचा दाखला आहे की नाही यालाच महत्त्व मिळते, आणि ही गोष्ट मला अन्यायाची वाटते. कित्येक ॲप्स मात्र विनातक्रार चालतात. आपल्या बँकेचे कोणत्या गटात मोडते हे आधी तपासावे, आणि जुना फोन महिनाभर तरी मोडीत काढू नये. यूपीआयची नोंदणी ज्या सिमवरून संदेश पाठवून होते ते सिम त्याच फोनमध्ये असावे लागते, त्यामुळे व्यवहारासाठी घरी दुसरा फोन ठेवायचा झाल्यास बँकेशी जोडलेले सिमही त्यातच ठेवावे लागेल, हा हिशेब अगोदर करावा. कोणतीही प्रणाली घेतली तरी मनोऱ्यांच्या जाळ्याला आपला ठावठिकाणा कळतच राहतो, आणि कोणी कोणाला केव्हा फोन केला याची नोंद दूरसंचार कंपनीच्या दप्तरी होतेच. ज्या संकेतस्थळावर आपण स्वतःचे नाव सांगून प्रवेश करतो, त्यालाही आपण ठाऊक असतोच.

मग उरते काय? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय एकमताने दिला. तो वाचताना बहुतेकांच्या मनात स्वतःचीच गुपिते येतात, आणि ‘माझ्याकडे लपवण्यासारखे आहे काय’ असे म्हणून ते विषय संपवतात. परंतु आपल्या फोनमध्ये इतरांनीही काही ठेवलेले असते. संपर्कांची यादी ही लोकांनी आपल्यापाशी विश्वासाने दिलेली ठेव आहे, आणि संदेशाचे एखादे ॲप ती यादी मागते तेव्हा आपण एका टिचकीसरशी शेकडो माणसांची नावे आणि क्रमांक, त्यांना न विचारता, हवाली करतो. ग्राफीनओएसमध्ये या मागणीला तिसरे उत्तर देता येते: ॲपला परवाना मिळाल्यासारखे वाटते, पण त्याला दिसतात ती आपण निवडलेली नावेच.

माझ्या यादीत ४१२ नावे होती. त्यांत दूधवाले होते, एका वकिलांचा खासगी क्रमांक होता, आणि जी आता या जगात नाहीत अशा दोघांची नावे मी काढलेली नव्हती. नव्या फोनवरच्या पहिल्या संध्याकाळी एकेक नाव वाचत मी संदेशाच्या ॲपसाठी ३१ नावांवर खूण केली. मावशीच्या नावापाशी आल्यावर तिला फोन करून सारा प्रकार समजावून सांगितला आणि तिचा क्रमांक त्या यादीत घालू का म्हणून विचारले. ती थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, “नको रे, तुझ्याकडेच राहू दे.”